पिराच्या आधी चाखलेलं मीठ

आधी चाचीचं सांगतो, मग जे झालं ते सांगतो. उलटं सांगितलं तर वाचणारा माझ्या फजितीवर हसत बसेल आणि चाची राहून जाईल.

चाची म्हणजे मुजावरचाचाची बायको. कळमनुरीहून वारंग्याकडे येताना आत एक गाव लागतं. गावाच्या बाहेर लिंबाखाली पिराचा दर्गा आहे, पांढरा, बुटका, एकावेळी चार माणसं आत मावतील एवढा. मुजावर म्हणून तिथं चाचाचं नाव चालतं. फातेहा, म्हणजे नैवेद्यावरची दुआ, चाचा देतात, मोरपिसांचा कुंचा डोक्यावर चाचा फिरवतात. पण दिव्यात तेल आहे का, उद संपला का, चादर धुवायची झाली का, कोणत्या घरचा नवस कधीचा राहिलाय, हे सगळं चाचीच्या डोक्यात. चाचांना एका कानानं कमी ऐकू येतं. दुसऱ्या कानानं ते चाचीचं ऐकतात. त्या बाईमुळे मी आज या मुलखात भाकरी खातोय.

मी मूळचा कोकणातला, राजापूरच्या बाजूचा. सातवीत शाळा सोडली. सोडली म्हणजे काय, गणिताच्या मास्तरांना आणि मला दोघांनाही बरं वाटलं. नंतर हॉटेलांच्या मागच्या दारांनी फिरत फिरत वारंगा फाट्यावरच्या एका ढाब्यावर पोचलो. तिथं पाच वर्षं भाजी परतली. मग रस्ता रुंद झाला आणि ढाबा अरुंद झाला. इतका अरुंद, की एके दिवशी मशीन आलं आणि उरलेलाही घेऊन गेलं. मी पातेली सांभाळत रस्त्याकडेला उभा होतो. घरी बाबा लोकांना सांगत होते, "आमचो झील तिकडे हॉटेल लाइनीत मोठो झालो." त्यांना फोन करून खरं सांगायचं होतं. आठवडाभर मी रोज फोन हातात घ्यायचो, हवापाण्याचं बोलायचो आणि ठेवून द्यायचो.

अशात कंदुरीचं काम आलं.

कंदुरी म्हणजे पिराच्या नवसाचं बोकड. नवस बोलणारे बहुतेक शेतकरी मराठे, नाहीतर तांड्यावरचे बंजारा. बोकड कापायला मुलाणी, फातेहा द्यायला मुजावर आणि जेवायला सगळं गाव. आमच्या कोकणातही पीर आहे. होळीची पालखी आधी त्याच्या दारात जाते, नारळ ठेवते, मग पुढे सरकते. त्यामुळे मला वाटलं, पीर इथून तिथून सारखाच, आपल्याला सगळं माहीत आहे. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला असं वाटायला नको होतं.

ज्यांची कंदुरी, त्या धाकट्या मालकांचा पोरगा तिसऱ्या खेपेला पोलीस भरतीत निघाला होता. दोनदा धावण्यात मागे पडला, तिसऱ्यांदा त्याच्या आईनं पिराला बोकड कबूल केलं आणि पोरगं पळालं. गावात यावर दुमत नव्हतं की शेवटचा फेरा पिरानंच ढकलला. पोराला सुट्टी एकच दिवसाची, तीही जुम्मेरातीची, म्हणजे गुरुवारची. नेहमीचा आचारी दुसऱ्या गावी लग्नात गुंतला होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. हे काम नीट झालं तर उन्हाळाभर कंदुऱ्या मिळतील, नाही झालं तर राजापूरची गाडी, एवढा सरळ हिशोब होता.

मी पहाटेच दर्ग्यावर पोचलो. चूल पेटतेय ना, हे तीनदा पाहिलं. दोन काडेपेट्या होत्या, तिसरी मागून घेतली. धाकट्या मालकांचे थोरले भाऊ खाटेवर बसून माझ्याकडे बघत होते. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, हातात काठी. घरातले रीतिभातीचे सगळे निकाल थोरले मालक लावत.

"आचारी, खोबरं किती घालून राहिला?"

"थोडंसंच, मालक."

"हे थोडंसं हाय? नारळाची कंदुरी न्हाई ही. बोकडाची हाय."

मी खोबरं कमी केलं. कांदा लाल झाला, मसाला सुटला, मटण शिजत आलं, लिंबाखाली असा वास सुटला की चार कुत्री आणि धाकट्या मालकांचे पुसदचे व्याही जवळ येऊन बसले. मला तर आनंदानं रडू यायचं बाकी होतं. पाच वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालला. पळीनं रश्शाचा एक थेंब डाव्या तळहातावर घेतला, चाटला, आणि ढाब्यावर मालकाला ओरडून सांगायचो तसंच खणखणीत ओरडलो, "मीठ बराबर आहे!"



थोरले मालक काठी टेकत उठले. "तू चाखलं?"

"हो. मीठ बघायला..."

"फातया झाला न्हाई आन् तू चाखलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. देवाचा नैवेद्य आपणही आधी चाखत नाही. घरी आईनं एवढ्यासाठी मला लहानपणी चिमटे काढलेत. पण मटणाचा नैवेद्य असतो, हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. हात बिचारा ढाब्यावरच राहिला होता.

"उष्टं झालं," थोरल्या मालकांनी निकाल दिला. "सगळं पातेलं उष्टं झालं. हे पिराला चालत न्हाई."

पुसदच्या व्याह्यांनी लगेच तोंड उघडलं. "आमच्याकडे त आचाऱ्याच्या तोंडाले फडकं बांधतेत. बांधाले पायजे होतं."

बोधनहून आलेले एक पाहुणे होते, तेलंगणातले, पण सोयरीक इकडची. ते म्हणाले, "फडक्यानं काय होतंय? आमच्या तिकडं आचारी तोंडात पाण्याची गुळणी धरतोय. फातेहा होईपर्यंत."

"आन् पाणी पोटात गेलं तर?"

"दुसरं भरतोय."

"मंग बोलते कसा?"

"बोलत नाही. म्हणून आमच्या तिकडं भांडण होत नाही."

यावर व्याही थोडे चिडले. कुठल्या मुलखातली कंदुरी जास्त कडक, यावर दोघांचं चांगलंच जुंपलं. वऱ्हाडात पातेल्यावर हिरवं कापड घालतात, तेलंगणात पातेल्याला उंबऱ्याच्या आत आणतात, इथं दोन्ही नाही म्हणून असं झालं, वगैरे. जमलेल्यांत नमाज पढणारी दोनच माणसं, चाचा आणि मुलाणी. ते दोघं लांब सावलीला बसून शांतपणे सुपारी कातरत होते. पिराची सगळी काळजी या मंडळींनाच होती.

"दुसरं बोकड आणा," थोरले मालक म्हणाले.

"दादा, कुठून आणू?" धाकटे मालक रडकुंडीला आले. "बाजार आज हाय का? आन् पोरगं सांजच्याला परत जातंय."

मी हात जोडले. "मालक, मी जातो. मला काही नको. चूक झाली."

खरंतर मला पळूनच जायचं होतं. पण नव्या पोलिसाची आई चुलीजवळ येऊन उभी होती आणि तिचा चेहरा बघून पाय हलेनात. ती मला बोलली नाही. हळूच दिराला म्हणाली, "दादा, लेकराच्या नोकरीला तर काही व्हणार न्हाई ना?" एवढं ऐकल्यावर माझी नोकरी कुठच्या कुठे राहिली. तिच्या पोराची गेली तर ती माझ्या एका थेंबानं जाणार होती.

तेवढ्यात चाची दर्ग्याच्या मागून आली. पदरानं हात पुसत. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"कायकू रोता बाबा? कांदा तर कवाच चिरून झाला."

थोरल्या मालकांनी सगळं सांगितलं. चाची ऐकून घेत होती आणि ऐकता ऐकता चुलीतलं एक लाकूड मागे ओढत होती, कारण जाळ जास्त झाला होता. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "बाबा हयात होते तवा काय खायचे?"

"कोण बाबा?"

"हे बाबा. आपले. आत झोपलेले."

"मला काय माहीत?"

"पाच घरचं मागून खायाचे. फकीर होते ना. कोन्या घरची भाकर ताजी, कोन्या घरची कालची. कोन्या बाईनं मीठ पाहून देलं, कोणी लेकराच्या ताटातलं उरलेलं देलं. बाबानं कवा विचारलं, कोणी चाखलं म्हणून?"

"ते हयात होते तवाचं. आता ते पीर हायेत."

"हयातीत कवा बोकड लागलं न्हाई. मंग पीर झाल्यावर नखरे वाढले म्हणता का?"

पुसदचे व्याही हसले आणि लगेच खोकल्यासारखं केलं. थोरल्या मालकांनी दर्ग्याकडे मान वळवली. "मुजावर! तुमी सांगा. बोकडाला फातया हाय का न्हाई?"

चाचा सुपारी ठेवून उठले. त्यांनी ऐकलं होतं की नाही, देव जाणे. त्यांनी चाचीकडे पाहिलं. "बराबर हाय," ते म्हणाले.

"काय बराबर हाय?"

"ती बोलते ते."

"पण आमचे बापजादे बोकड काहून देत आले मंग?"

"तुमाला खायाला आवडतं म्हणून," चाची म्हणाली. "बाबाचा निवद मलिद्याचा. बोकड गावाचं. पण तुमाला वाटतं ना, चूक झाली? झाली. चुकीचं काही तर व्हावं लागंल." मग माझ्याकडे वळून, "हातानं चूक केली ना तू? पायानं भर. झोळी घे. पाच घरं माग. गव्हाचं पीठ, गूळ, तूप. त्याचा ताजा मलिदा करते मी, बाबाला तो ठेवू, मंग फातेहा. दादा, यात काही वावगं हाय का?"

थोरल्या मालकांना यात वावगं सापडेना. पाच घरं मागणं ही पिराचीच रीत. मोहरमात त्यांच्याच घरची लेकरं हिरवा धागा बांधून पाच घरं मागून आलेली. ते काठी आपटत खाटेवर बसले आणि म्हणाले, "पायी जायाचं. गाडीवर न्हाई."

चाचीनं पिठाची जुनी पिशवी माझ्या खांद्याला अडकवली, डोक्याला हिरवं फडकं बांधलं आणि काय म्हणायचं ते शिकवलं. मी जन्मात कधी भीक मागितली नव्हती. ढाब्यावर पगार मागतानाही माझी जीभ अडकायची.

पहिल्या घरी कुत्रं अंगावर आलं, पण लगेच मागे सरलं. मला वाटलं, पिराची कृपा. मग लक्षात आलं, माझ्या हातात अजून पळी होती. दारातल्या बाईनं आतून आवाज दिला, "पुढं जा बाबा, सकाळीच एक येऊन गेला." मी "पिराच्या नावानं..." असं काहीतरी पुटपुटलो. ती बाहेर आली, माझा मसाल्यानं माखलेला एप्रन पाहिला, पळी पाहिली. "अगं बाई! तू तो चाखलेला आचारी व्हय?" बातमी माझ्याआधी पोचली होती. तिनं पायली घेऊन पीठ घातलं आणि शेजारणीला हाक मारून मला दाखवलं.

दुसरं घर शिंप्याचं, मुसलमान. तो मशीन थांबवून ऐकत होता आणि त्याला माझा गुन्हाच कळेना. "हमारे घर में तो चाखे बगैर देग उतरतीच नई. ये पाटील लोगां बहुत सख्त हैं भाई." त्यानं गुळाची ढेप दिली आणि झोळीची सुटलेली शिवण जागच्या जागी मारून दिली. "फाटकी झोळी लेके जाएगा तो बाबा क्या बोलेंगे!"

तिसऱ्या घरासाठी ओढा ओलांडून तांड्यावर गेलो. तिथं एका म्हातारीनं आधी मला बसवलं, पाणी दिलं. पीर आमचा, असं तिनं सांगितलं. तिच्या आज्याच्या आज्याच्या वेळी तांड्याचे लोक बैलांवर मीठ लादून मुलुख तुडवायचे, तेव्हा हा फकीर त्यांच्या बैलांबरोबर चालत आला, कुठून ते कुणी विचारलं नाही, आणि या लिंबाखाली बैल बसले तसा तोही बसला. "बैल उठले, बाबा उठला न्हाई," ती म्हणाली. "म्हणून पीर तुमच्या गावात गेला. न्हाईतर तांड्यातच राह्यला असता." ही तक्रार करताना तिनं पिशवीत पीठ घातलं, वर तुपाची वाटी ठेवली. गावानं तांड्याचा पीर घेतला, याचा तिला विसर पडलेला नव्हता.

चौथ्या घरी एक तरुण सून होती. ती गूळ घेऊन आली आणि थबकली. "काका, गूळ जरा जुना हाय. खारवट लागतो का ते चाखून पाहता?"

मी दोन पावलं मागे उडी मारली. "नाही ताई! मी चाखत नाही! मी काहीच चाखत नाही!"

ती इतकी हसली की तिच्या कडेवरचं लेकरू घाबरून रडायला लागलं.

पाचवं घर थोरल्या मालकांचं निघालं. चाचीनं मला घरं सांगितली होती, कुणाचं कोणतं ते सांगितलं नव्हतं. मी दारात उभा राहिलो तेव्हा भिंतीवरच्या फोटोतल्या त्या पांढऱ्या मिशा पाहून झोळी पाठीमागे लपवली. थोरल्या मालकीणबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलेलं होतंच. त्यांनी तूप वाढलं, झाकण लावलं आणि आवाज खाली आणला.

"आमचे हे दर जुम्मेरातीला निवद दावायच्या आधी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून पाहतेत. म्हणतेत, कोरड्यास गार झालं का ते पाहून राहिलो. चाळीस वर्सं झाली गार करून." मग माझ्या हाताला हात लावून, "मी सांगलं म्हणून सांगू नको बरं."

मी आजवर कुणाला सांगितलं नाही. इथं लिहितोय, पण गावाचं नाव घातलेलं नाही, त्यामुळे चालेल असं वाटतं. रात्री पुन्हा विचार करीन.

परत आलो तेव्हा चाची पातेल्याजवळ उभी होती. माझ्या मागे तिनं जाळ सांभाळला होता. तिनं भराभर पोळ्या लाटल्या, चुरल्या, गूळ-तुपात मळून मलिदा केला आणि पानावर आत नेला. उदाचा धूर झाला. चाचांनी फातेहा दिला. सगळ्यांनी हात वर करून तोंडावरून फिरवले, थोरल्या मालकांनी सगळ्यात जास्त वेळ. नव्या पोलिसाच्या डोक्यावर मोरपिसं फिरली, त्याची आई तेव्हा कुठे खाली बसली.

मग पंगत. मी वाढत होतो. थोरल्या मालकांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, रस्सा मागितला, पुन्हा मागितला, तिसऱ्यांदा भाकरी कुस्करली आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

पंगत थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता फातेहा झाला होता, आता चाखायला हरकत नव्हती, पण माझं धाडस होईना. चाची मलिदा वाटता वाटता म्हणाली, "दादा, मीठ पाहिलं म्हणून तर पाठवलं होतं त्याला पाच घरी. तुमीच पाठवलं ना?" बोधनचे पाहुणे पाणी पीत होते, त्यांची गुळणी उडाली. मग थोरले मालकही हसले. मिशीत हसले, पण हसले. नंतर त्यांनी स्वतःच्या ताटात मीठ घेतलं नाही, हे मी पाहिलं.

मला वाटलं होतं, जेवून सगळे आपापल्या घरी जातील आणि मी माझ्या. पण झालं असं की झोळी घेऊन मी पाच घरं फिरलो होतो, आणि त्या पाच घरांनी पंचवीस घरांना सांगितलं होतं. आठवड्यात तांड्यावरची कंदुरी आली. म्हातारीचा नातू बोलवायला आला तेव्हा त्याला माझं नाव माहीत नव्हतं. तो फाट्यावर विचारत होता, "तो चाखलेला आचारी कुठं भेटंल?" लोकांनी बराबर दाखवला. मग हट्टा गावाकडून एक काम आलं, मग पुसदच्या व्याह्यांकडून. तिथं खरोखरच माझ्या तोंडाला फडकं बांधलं. मी कुरकुर केली नाही.

पण न चाखता मीठ कसं कळणार? ते चाचीनं शिकवलं. दर कंदुरीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे जायचो, पातेल्यावर वाकायचो. "वाफ घे," ती म्हणायची. "मीठ कमी असलं की वाफ पोकळ येते. भरली की नाकात बसते." पहिल्या दहा वेळा मला फक्त घाम आला. अकराव्या वेळी नाकात बसली. आता मी डोळे मिटून सांगतो. तरी तीनदा वास घेतो, ते वेगळं. घरी बाबांना फोन करून सगळं खरं सांगितलं. ढाबा गेला, हेही सांगितलं. ते म्हणाले, "पिराक नारळ ठेव माझ्या नावान."

परवा चाचीकडे बसलो होतो. चाचांचे गुडघे दुखत होते, ती तेल चोळत होती. बोलता बोलता मी विचारलं, चाची, तू कुठे कुठे गेलीस? ती म्हणाली, माहेर कळमनुरी, सासर हे. नांदेडला दोनदा, डोळ्याच्या दवाखान्यात. गुलबर्ग्याच्या मोठ्या दर्ग्याच्या उरसाला जावं असं लग्न झाल्यापासून मनात आहे. "मग जा ना," मी म्हणालो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून लहान आहे. "इथं दिवा कोण लावंल? जुम्मेरात कोण करंल? बाबाला अंधारात ठेवून दुसऱ्या बाबाच्या घरी जेवायला जाऊ?"

पोरं पुण्याला, मुलाणी म्हातारा. गावातल्या कुणाला सांगावं तर थोरले मालक रीत चुकली म्हणून रोज सभा भरवतील.

तेव्हा मी काही बोललो नाही, कारण मला माझ्या तोंडाची भीती वाटते. ते कामाआधी ओरडतं. पण इथं लिहून ठेवतो. चाची, तू मला उद किती घालायचा ते शिकव, वात किती लांब वळायची ते शिकव, चादरीच्या घड्या कशा ते शिकव. एका वर्षी उरसाच्या दिवसांत मी एकही काम घेणार नाही. चाचांना घेऊन तू गुलबर्ग्याच्या गाडीत बस. जितके दिवस लागतील तितके दिवस या लिंबाखाली मी झोपेन, सांजेला दिवा मी लावीन, आणि विझला तर नाही ना, हे रात्रीतून तीनदा उठून बघीन. त्या कामाला माझ्यासारखा घाबरट माणूस तुला दुसरा मिळणार नाही.